लिलावाच्या आधी बैठक हवी

आपल्या नोकरपेशा वर्गात एक वचन फार दिवसांपासून मान्यता पावलेले आहे: घेतलेले कर्ज फेडले पाहिजे. या वचनाशी आमचे भांडण नाही. सणावाराला हात आखडणारा पण महिन्याचा हप्ता न चुकवणारा जो आपला वर्ग, त्याच्या अब्रूचा पायाच या वचनावर रचलेला आहे. आमची तक्रार आहे ती या वचनाच्या पाठोपाठ मनात शिरलेल्या दुसऱ्या एका समजुतीविषयी. ज्याचे हप्ते थकले त्याच्याशी बोलण्यासारखे काही उरले नाही. त्याला नोटीस द्यावी, मुदत भरताच घराचा ताबा घ्यावा आणि घर लिलावात काढावे, अशी ती समजूत आहे. पहिल्या वचनात नीती आहे, दुसऱ्या समजुतीत केवळ घाई आहे. आणि दुर्दैवाने आजच्या कायद्याने या घाईचीच अधिक काळजी वाहिली आहे.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. राहते घर लिलावात निघण्यापूर्वी धनको व ऋणको यांनी एका त्रयस्थासमोर एकदा तरी बसलेच पाहिजे. ही बैठक कोणाच्या मर्जीवर अवलंबून असता कामा नये. आणि त्या बैठकीत जो रास्त तोडगा नाकारील, त्याला आपल्या नकाराची किंमत पडली पाहिजे. ही कल्पना परदेशातून उसनी आणलेली आहे असे ज्यांना वाटत असेल त्यांनी पुढील मजकूर अवश्य वाचावा. ज्या भूमीत आज आपण नोकरीनिमित्त राहत आहोत, त्याच भूमीत तशा समेटाचा कायदा १९३३ साली झालेला होता, आणि तो नागपुरातून झालेला होता.

सेक्टर २ मध्ये राहणाऱ्या आम्हां मंडळींना हा प्रश्न दूरचा वाटण्याचा संभव आहे. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि कारखान्याबरोबर ही सेक्टरांची वसाहत वाढत गेली. कारखान्याच्या क्वार्टरात राहणाऱ्या नोकराला डोक्यावरील छपराची चिंता नोकरीत असेतो करावी लागत नाही. परंतु हे छप्पर नोकरीपुरतेच असते. म्हणूनच आपल्यापैकी कित्येकांनी नागपुरास, पुण्यास, अमरावतीस, किंवा इथेच दुर्ग-रायपूरच्या बाजूस कर्ज काढून घर घेतलेले असते. घर एका गावी, घरधनी दुसऱ्या गावी, आणि कर्जाचे खाते तिसऱ्याच गावच्या शाखेत, असा आपल्या संसाराचा नकाशा आहे. घरात भाडेकरू असला तर बरे. नाहीतर दाराला कुलूप असते आणि शेजाऱ्याकडे किल्ली. बदलीच्या नोकरीत हे चालायचेच असे आपण म्हणतो. पण हप्ते थकले म्हणजे हाच नकाशा आपल्या गळ्याशी येतो.

कसा, ते पाहू. २००२ साली जो कायदा झाला आणि जो सर्वत्र सरफेसी या नावाने ओळखला जातो, त्याची चाल सरळ आहे. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की बँक खाते अनुत्पादक ठरवते. मग कलम १३ (२) अन्वये साठ दिवसांची नोटीस निघते. कर्जदाराने त्यावर काही म्हणणे मांडले तर बँकेने पंधरा दिवसांत सकारण उत्तर द्यावे असे कायदा सांगतो; आणि लगेच पुढे हेही सांगतो की, या कारणांविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाण्याचा हक्क कर्जदाराला त्या टप्प्यावर मिळत नाही. साठ दिवस संपले की बँक स्वतःच तारणाचा ताबा घेऊ शकते. दिवाणी न्यायालयाचे दार कलम ३४ ने बंद केले आहे. उघडे राहते ते न्यायाधिकरणाचे दार, आणि तेही ताब्याची कारवाई झाल्यावर, पंचेचाळीस दिवसांच्या आत.

पूर्वी असे नव्हते. गहाणाची फिर्याद दिवाणी न्यायालयात होई; न्यायाधीश हिशेब पाहून प्राथमिक हुकूमनामा करी; आणि दिवाणी संहितेच्या चौतिसाव्या आदेशाप्रमाणे पैसे भरण्यास सहा महिन्यांपर्यंतची मुदत देता येई. ती पद्धत मंद होती, बँकांचे पैसे वर्षानुवर्षे अडकत, हे आम्हांस मान्य आहे. तो दोष काढण्यासाठी नवा कायदा केला हेही ठीकच. परंतु विलंबाबरोबर, दोन्ही बाजूंना समोर बसवून हिशेब विचारणारा माणूसही या कायद्याने काढून टाकला, आणि त्याच्या जागी कोणालाच बसवले नाही. कायदा झाला तेव्हा तर कर्जदाराला दाद मागण्यासाठी मागणीच्या पंचाहत्तर टक्के रक्कम आधी भरावी लागे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली मर्डिया केमिकल्सच्या प्रकरणात ही अट रद्द केली आणि कर्जदाराच्या हरकतींचा विचार करून त्याला कारणे कळवावीत असे सांगितले. न्यायालयाने एवढे सांगितले म्हणून निदान सकारण उत्तराची तरतूद तरी कायद्यात आली.

आता आपला नकाशा या कायद्यावर ठेवून पाहा. नोटीस टपालाने घराच्या पत्त्यावर जाते. घर बंद असते. कर्जदार नोटीस टाळतो आहे असे बँकेला वाटले, तर नियमांप्रमाणे तिची प्रत घराच्या बाहेरच्या दारावर चिकटवता येते आणि दोन वर्तमानपत्रांत ती छापता येते, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील. पुण्याच्या दारावर कागद वाळत असतो, पुण्याच्या पत्रात जाहिरात येते, आणि घरधनी भिलाईत रात्रपाळी करीत असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. घर नागपुरास असेल तर नागपूरच्या न्यायाधिकरणाकडे जावे. घर दुर्गास असेल तर मात्र गाठ जबलपूरशी: छत्तीसगढ राज्य २००० साली निराळे झाले, तरी कर्जवसुलीच्या दाव्यांपुरते त्याला जबलपूरच्याच तोंडाकडे पाहावे लागत आले आहे.

आणि आमच्या वाचकांत केवळ कर्जदारच आहेत असे नाही. कोणी बँकेच्या शाखेत अधिकारी आहेत, कोणी जिल्हा कचेरीत. कलम १४ अन्वये बँक ताब्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्याकडे अर्ज करते. त्याने तीस दिवसांत, फार तर साठ दिवसांत, हुकूम द्यायचा असतो; आणि हा अधिकार केवळ प्रशासकीय स्वरूपाचा आहे, पक्षकारांमधील वादाचा निवाडा त्याने करायचा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. म्हणजे बँकेतील अधिकारी म्हणतो, मी नियमाने नोटीस काढली. कचेरीतील अधिकारी म्हणतो, मला कागद पाहून सही करायची, वाद ऐकायचा नाही. आणि न्यायाधिकरण म्हणते, आधी ताब्याची कारवाई होऊ द्या, मग या. तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात. चुकीचे एवढेच होते की, या तिघांपैकी कोणालाही कर्जदाराला एक साधा प्रश्न विचारावा लागत नाही: बाबा रे, हप्ते का थकले, आणि आता तुला किती जमेल?

हा प्रश्न न विचारल्याचा परिणाम काय होतो, याचा पुरता अनुभव महाराष्ट्राने एकदा घेतलेला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी रयतेने सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली. दंगा पुढे नगर जिल्ह्यात पसरला. त्या जमावांना प्रामुख्याने हवे होते ते कर्जरोखे आणि वह्या. ते हाती आले की त्यांची होळी होई. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेला कापसाचा भाव युद्ध संपताच कोसळला होता, सारावाढ झाली होती, आणि मुदतीच्या नव्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी जुने व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याचा प्रघात पडला होता. सावकार कोर्टात जाई, रयत कोर्टात हजर होत नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा होई. रोख्यामागची हकीकत विचारण्याची गरज कोर्टाला वाटत नसे. रोखा खरा, सही खरी, मग घर व जमीन लिलावात.

या दंग्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस तो प्रथम लागू झाला. न्यायाधीशाने रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासावा, हप्ते बांधून द्यावेत, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, अशा तरतुदी त्यात होत्या. आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद अशी की, शेतकऱ्याविरुद्ध फिर्याद दाखल करण्यापूर्वी सावकाराला सरकारने नेमलेल्या समेट करणाऱ्या पंचाकडे जावे लागे. समेट झाला नाही असा त्याचा दाखला आणल्यावाचून कोर्ट फिर्याद घेत नसे. न्यायमूर्ती रानडे यांनी याच कायद्याखाली खास न्यायाधीशाच्या कचेरीत पुढे वर्षानुवर्षे काम केले. त्याच्याही आधी सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांनी लवाद कोर्टांची चळवळ चालवली होती. कर्जाच्या कज्ज्यात तडजोड हवी, हा विचार आपल्याकडे किती जुना आहे हे यावरून दिसेल.

हा प्रयोग पुरता यशस्वी झाला असे मात्र आम्ही म्हणणार नाही. सलोखा करणाऱ्याला प्रतिपक्षास बोलावण्याचा अधिकार होता, तोडग्यास भाग पाडण्याचा नव्हता. सावकाराने मान हलवली नाही की दाखला मिळे आणि फिर्याद पुढे जाई. उलट समेट झालाच, तर तो कागद कोर्टात दाखल होऊन त्याला हुकूमनाम्याचे बळ येई. पण रोख्यामागचा हिशेब खणून काढण्याचे जे बंधन न्यायाधीशावर होते ते समेटाच्या वेळी कोणावर नसे. त्यामुळे ज्याला अक्षरओळख नाही अशा कुळाने सावकाराच्याच आकड्याखाली अंगठा उठवावा, असेही घडू शके. पुढे ही पद्धत मोडीत निघाली. यातून दोन धडे निघतात. मध्यस्थाच्या हाती दाखल्यापलीकडे काही नसेल तर मध्यस्थी हा नुसता उपचार होतो. आणि हिशेब उघडल्यावाचून केलेला समेट दुबळ्या पक्षाला कोर्टापेक्षाही महाग पडतो.

पहिला धडा ज्यांनी बरोबर घेतला ते आपलेच जुने प्रांतबंधू होत. १९५६ च्या राज्य-पुनर्रचनेपर्यंत दुर्ग, रायपूर, बिलासपूर हे जिल्हे आणि नागपूर, वर्धा, भंडारा हे जिल्हे एकाच प्रांतात होते, आणि राजधानी नागपूर होती. त्या मध्य प्रांताने मंदीच्या दिवसांत, १९३३ साली, कर्ज-समेटाचा कायदा केला. पंजाब, बंगाल, मद्रास येथील तशा प्रकारचे कायदे त्याच्यानंतरचे. मंडळे नेमावीत, कर्जदार व सर्व धनको यांना एकत्र बोलवावे, हिशेब मागवावा आणि तडजोड घडवावी, अशी त्याची रचना होती. पण त्यातील खरी नामी युक्ती पुढेच आहे. कर्जदाराने रास्त देणे देऊ केले आणि धनकोने ते हट्टाने नाकारले असे मंडळास वाटले, तर मंडळ कर्जदाराला तसा दाखला देई. मग धनको खुशाल कोर्टात जावो. त्याला फिर्यादीचा खर्च मिळत नसे, आणि दाखल्याच्या तारखेपासून सरळव्याजाने दरसाल शेकडा सहापेक्षा अधिक व्याजही मिळत नसे.

१८७९ चा दाखला सावकाराच्या हाती पडे आणि त्याला कोर्टाचे दार उघडून देई. १९३३ चा दाखला कर्जदाराच्या हाती पडे आणि हट्टी धनकोला त्याच्या हट्टाची किंमत सांगे. नाक दाबल्यावाचून तोंड उघडत नाही हे व्यवहारज्ञान त्या कायद्यात होते. त्याने कोणाचे मुद्दल बुडवले नाही, कोणाला कोर्टात जाण्यास मनाई केली नाही. त्याने फक्त इतकेच केले की, समोर बसून बोलणे हे न बोलण्यापेक्षा स्वस्त पडेल अशी तजवीज केली.

हीच गोष्ट अमेरिकेला २००८ साली नव्याने शिकावी लागली. घरकर्जांचा फुगा फुटला, आणि एकेका शहरात हजारो घरे लिलावावर चढली. फिलाडेल्फियाच्या न्यायालयाने त्या वर्षी असा नियम केला की, मालक स्वतः राहत असलेले घर लिलावात जाण्यापूर्वी सावकार संस्था व मालक यांची समेट-बैठक झालीच पाहिजे. मालकाने अर्ज करण्याची वाट न पाहता बैठकीची तारीख लावली जाई, आणि त्याच्या मदतीला गृहसल्लागार व विनामूल्य काम करणारे वकील असत. नेवाडा राज्याने २००९ साली कायदा केला: मध्यस्थीची मागणी झाली असेल तर बँकेचा जो प्रतिनिधी येईल त्याला तडजोड करण्याचा अधिकार असला पाहिजे, त्याने मूळ कर्जाचे कागद आणले पाहिजेत, आणि सद्भावाने बोलणी केली पाहिजेत, हे न केल्यास मध्यस्थी झाल्याचा दाखला मिळणार नाही, आणि दाखल्यावाचून घर विकता येणार नाही. उलट फ्लोरिडाने २००९ च्या अखेरीस राज्यभर मध्यस्थीची योजना काढली, तिच्यातून समेट फारसे होईनात, आणि २०११ च्या डिसेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती गुंडाळली. मध्यस्थी या शब्दात जादू नाही. तारीख कोण लावतो, बँकेकडून कोण येतो आणि न आल्यास काय होते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर तिचे भवितव्य ठरते.

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप असा की, आपल्याकडे लोकअदालत आहे, मध्यस्थी केंद्रे आहेत, २०२३ साली तर मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाही झाला; मग आणखी काय हवे? उत्तर असे की, हे सारे स्वेच्छेचे मामले आहेत. बँकेला वाटले तर ती प्रकरण लोकअदालतीत आणते, न वाटले तर आणत नाही. शिवाय लोकअदालतीत एका दिवसात प्रकरणांचा ढीग उपसायचा असतो. तेथे झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. हिशेब न उघडता झालेल्या समेटाचा जो धोका १८७९ च्या कायद्यात दिसला, तो येथेही डोकावतो. आणि यातील विसंगती तर मोठी मौजेची आहे. दोन व्यापाऱ्यांचा तीन लाखांचा वाद असला, तर व्यापारी न्यायालयांच्या कायद्यातील कलम १२ अ प्रमाणे, तातडीचा मनाईहुकूम मागायचा नसेल तेव्हा, फिर्यादीपूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे. तसे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली पाटील ऑटोमेशनच्या प्रकरणात निक्षून सांगितले. कंपनी बुडू लागली तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेप्रमाणे वसुलीला स्थगिती मिळते, धनकोंची समिती बसते, आणि कंपनी वाचवता येईल काय याचा महिनोन्‌महिने खल होतो. पण हप्ते थकलेल्या माणसाच्या राहत्या घरासाठी यांतले काही नाही. गोदामातल्या मालासाठी मध्यस्थी आहे, कारखान्यासाठी समिती आहे. ज्या चार भिंतींत मुले वाढली त्यांच्यासाठी मात्र दारावर चिकटवलेला कागद.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बँकेचा पैसा हा ठेवीदारांचा पैसा आहे. त्यांत आपल्या निवृत्त सहकाऱ्यांच्या मुदतठेवी आहेत. थकबाकीदाराला सवलत म्हणजे त्यांच्या ताटातला घास. हा आक्षेप आम्ही आदराने ऐकतो, कारण उद्या आम्हीही त्याच रांगेत उभे राहणार आहोत. पण ठेवीदाराचे हित कशात आहे? लिलावातले घर "जसे आहे तसे, जेथे आहे तेथे" या अटीवर विकले जाते. त्याच्याशी लागलेले वाद, थकलेली देणी आणि आत राहणारी माणसे यांसह घेणाऱ्याने घ्यायचे असते. तेव्हा घेणारा भाव पाडूनच मागणार. वर ताब्याचा खर्च, वकिलाचा खर्च, रिकाम्या घराची मोडतोड. हप्ता कमी करून मुदत वाढवल्याने सुटू शकणारे कर्ज अशा विक्रीत ढकलणे यात ठेवीदाराचे कल्याण कोठे आहे? जे कर्ज कोणत्याही हप्त्याने सुटणारच नाही, तेथे बैठकीत तसे स्पष्ट होईल, आणि मालक स्वतः गिऱ्हाईक शोधून बाजारभावाने घर विकील. लिलावापेक्षा त्यातही बँकेच्या हाती अधिक येईल. आणि हा मार्ग वेळेवर दाखवण्याची निकड पूर्वीहून आज अधिक आहे. कारण २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहिरात प्रसिद्ध झाली की पैसे भरून घर सोडवण्याचा हक्क संपतो.

तिसरा आक्षेप असा की, यामुळे बुडव्यांना मोकळे रान मिळेल. बुडवा आणि अडलेला या दोघांना एकमेकांपासून ओळखण्याचे साधन आज कायद्यात कोठे आहे? नोटिशीच्या छापील नमुन्यात दोघेही सारखेच दिसतात. समोर बसवल्यावाचून दुखणे झालेला, नोकरी गेलेला, घरातला कमावता माणूस गमावलेला कर्जदार कोणता आणि पैसे दडवून बसलेला कोणता, हे कळणार कसे? बैठक ही बुडव्यालाच अडचणीची होईल, कारण तेथे त्याला मिळकतीचा हिशेब द्यावा लागेल. आणि अडचणीत सवड देणे हे आपल्याला अगदीच अपरिचित आहे असेही नाही. २०२० साली मार्चपासून ऑगस्टपर्यंत रिझर्व्ह बँकेने हप्ते लांबवण्याची मुभा दिली, आणि पुढे त्या वर्षी व २०२१ सालीही कर्जाची फेरमांडणी करण्याची वाट उघडली. सगळ्यांवर एकदम संकट आले तेव्हा जे शहाणपण वाटले, ते एकाच घरावर संकट आले म्हणजे दुबळेपणा कसे ठरते?

चौथा आक्षेप विलंबाचा. त्याचे उत्तर कायद्याच्याच पोटात आहे. नोटिशीचे साठ दिवस आज आहेतच. ते रिकामे जातात. बँक मोजत बसते आणि कर्जदार घाबरून गप्प बसतो. आम्हांला एक दिवसही अधिक नको. त्याच साठ दिवसांत बैठक घ्यावी. नोटिशीतच तिची तारीख, वेळ आणि स्थळ छापलेले असावे. स्थळ कर्जदार प्रत्यक्ष जेथे राहतो तेथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे असावे. घर पुण्यास असले तरी बैठकीस दुर्गास बसता यावे, आणि बँकेचा अधिकारी पुण्याहून दूरदृश्य यंत्रावर यावा. त्याला हप्ता बदलण्याचा, मुदत वाढवण्याचा, दंडाची रक्कम सोडण्याचा अधिकार असावा. "वरिष्ठांना विचारून सांगतो" असे म्हणणारा प्रतिनिधी हा न आल्यासारखाच धरावा. बँकेने खात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा मुद्दल, व्याज, दंड व खर्च निरनिराळे दाखवून समोर ठेवावा. कर्जदाराने आपली मिळकत आणि देणी लिहून द्यावी. रास्त तोडगा बँकेने नाकारला असे मध्यस्थास वाटले तर १९३३ च्या मार्गाने जावे: वसुलीचा खर्च बँकेच्या माथी, आणि त्या दिवसापासून दंड बंद व व्याजाला मर्यादा. कर्जदार न आला किंवा त्याने खोटा हिशेब दिला, तर बँकेचा मार्ग त्याच दिवशी मोकळा. दोन्ही तागड्यांत वजन सारखे.

एवढी दुरुस्ती करण्यास संसदेला फार वेळ लागू नये. तथापि तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. ज्यांचे घर एका गावी आणि नोकरी दुसऱ्या गावी आहे त्यांनी बदली होताच आपला नवा पत्ता बँकेस लेखी कळवून पोच घ्यावी. हप्ता चुकणार असे दिसताच, चुकण्यापूर्वीच, बँकेकडे लेखी फेरमांडणी मागावी. नोटीस आलीच तर ती पेटीत दडवून न ठेवता साठ दिवसांच्या आत उत्तर द्यावे, खात्याचा उतारा मागावा आणि आपल्याला काय झेपेल तो आकडा स्वतः लिहून द्यावा. घर फिरले म्हणजे वासेही फिरतात या भीतीने माणूस नेमका याच वेळी आप्तेष्टांपासून तोंड लपवतो, आणि साठ दिवस त्या लाजेतच निघून जातात.

येथे आपल्या मंडळांनाही काही करता येईल. गणेशोत्सव होतात, नाटके होतात, व्याख्याने होतात. फार चांगले होते. पण भिलाईसारख्या वसाहतीत निवृत्त हिशेबनीस, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी आणि वकील यांची वाण नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांनी द्यावी. अडलेल्याने आपले कागद आणावेत. त्यांनी उतारा वाचावा, उत्तराचा मसुदा करून द्यावा, आणि गरज पडल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या दारापर्यंत सोबत जावे. फिलाडेल्फियात हे काम सल्लागार करीत. पुण्यास सार्वजनिक काकांच्या पिढीने लवादाचे काम खाजगी पुढाकाराने उभे केले, आणि त्यांच्यापाशी आपल्याइतकी साधने नव्हती.

आणि जे आमचे वाचक बँकेच्या किंवा कचेरीच्या खुर्चीवर बसलेले आहेत, त्यांना आमची एकच विनंती आहे. कायदा तुम्हांला बोलावण्याची सक्ती करीत नाही हे खरे. पण तो मनाईही करीत नाही. नोटिशीवर सही करण्यापूर्वी शाखाधिकाऱ्याने कर्जदाराला एकदा समोर बसवावे. ताब्याचा अर्ज आला असता, दोन्ही बाजूंनी बोलणी करून पाहिली काय एवढे विचारण्यास कचेरीला कोणताही निवाडा करावा लागत नाही. रोखा खरा आणि सही खरी एवढ्यावर समाधान मानणारी कोर्टे १८७५ च्या आधीही होती. त्या समाधानाची फळे सुप्याच्या बाजारात दिसली, आणि मग सरकारला आयोग नेमून, कायदा करून, तोच प्रश्न विचारण्यासाठी गावोगाव माणसे नेमावी लागली. आपण तो प्रश्न आधीच विचारावा. त्यासाठी साठ दिवस आहेत, आणि ते पुरेसे आहेत.